द्राक्षांच्या मुलखात सायकलवरून जाताना

नाशिक

चि. ईशान,

तुझं पत्र पोचलं. जानेवारीअखेर तू आणि तुझा मित्र सायकली घेऊन इकडे येणार, दोन दिवसांत पाच वायनऱ्या करणार आणि तिसऱ्या दिवशी सप्तशृंगी गडाचा घाट चढणार, असा बेत दिसतो. गाडी न काढता सायकलवर यायचं ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. बेतात मात्र थोडा बदल कर. वायनऱ्या दोनच ठेव, दिवसाला 40-45 किलोमीटरच्या वर जाऊ नकोस आणि वाचलेला वेळ बागांना दे.

तू महाजन बंधूंचा दाखला दिला आहेस. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन आमच्या नाशिकचेच. 2015 मध्ये दोघांनी मिळून अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे 4800 किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली. त्यांच्यामुळे या शहरात किती जणांनी सायकल हातात घेतली, ते मी पाहिलं आहे. त्यांची चिकाटी जरूर घे. पण शर्यतीत रस्ता मागे टाकायचा असतो आणि तुझ्या सफरीत तो पाहायचा आहे. वाईन तुमच्या पुण्यातही मिळेल. ती जिथून येते तो मुलूख इथेच आहे.

या मुलखात शिरण्याआधी एक गोष्ट समजून घे, म्हणजे रस्त्याकडेचं सगळं दिसायला लागेल. थंड देशांत हिवाळ्यात द्राक्षवेलीची पानं झडतात, वेल झोपी जातो आणि वसंतात पुन्हा फुटतो. आपल्याकडे तशी थंडी नाही, त्यामुळे वेल आपणहून झोपत नाही. म्हणून इथला शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तिच्यानंतर फुटलेल्या काड्या पावसाळा सरेपर्यंत तयार होतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि तिच्यापुढे साधारण चार महिन्यांनी पीक हाती येतं. युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी होते, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. तू येशील तेव्हा काही बागांत कात्री चालू असेल, काहींत घड अजून पिकत असतील.

खायची द्राक्षं आणि वाईनची द्राक्षं यांतला फरकही सायकलवरून सहज कळतो. खायच्या द्राक्षांचे वेल बहुतेक मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर पसरलेले असतात आणि घड डोक्याच्या उंचीवर लोंबतात. वाईनच्या बागेत वेल उभ्या तारांवर ओळीने चढवलेले असतात. मणी लहान, जाड सालीचे, बियांचे. शेनिन ब्लां, सॉव्हिन्यों ब्लां, शिराझ, कॅबर्ने ही नावं तुला बाटलीवर दिसतील. इथे ती जमिनीत उभी आहेत. 2000 साली गंगापूर धरणाजवळच्या सुला वाइनयार्ड्सची पहिली वाईन बाजारात आली आणि 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. त्यानंतर दिंडोरी, निफाड, इगतपुरीकडे वाईनच्या बागा वाढल्या. अनेक शेतकरी वायनरीशी करार करून लागवड करतात.

बागेच्या बांधाशी कोणी ओळखीचं भेटलं, तर तासभर थांब. खायच्या द्राक्षांची काढणी चालू असली, तर बायांचे हात पाहा. घड हातात धरायचा तो देठाशी. मण्यांना बोट लावायचं नाही, कारण त्यांच्यावरची पांढुरकी झाक पुसली की माल हलका ठरतो. मग घड उचलून फिरवायचा, तडकलेला किंवा डागाळलेला मणी बारीक कात्रीच्या टोकाने काढायचा आणि देठ वर राहील असा घड कागद अंथरलेल्या क्रेटमध्ये ठेवायचा. वाईनच्या बागेत काढणी बऱ्याचदा पहाटे किंवा उजाडता उजाडता चालते. द्राक्षं गार असतानाच वायनरीत पोचवायची असतात. मालक एका मण्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून उजेडाकडे धरतो आणि गोडी बघतो. त्या आकड्यावर वर्षभराचा हिशोब ठरतो. ऐन काढणीत अवकाळी पाऊस किंवा गारपीट आली, तर तोच हिशोब एका रात्रीत मोडतो. निफाडकडे पारा फार उतरला की लोक रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. हे पाहिल्यावर संध्याकाळचा पेला तू वेगळ्या मनाने उचलशील.

आता वाट. पहिल्या दिवशी नाशिकहून गंगापूर धरणाच्या अंगाने गिरणाऱ्यापर्यंत जाऊन मुक्कामाला परत ये. हा पट्टा शनिवार-रविवारी गाड्यांनी गजबजतो, म्हणून आठवड्याच्या मधला दिवस निवड. दुसऱ्या दिवशी दिंडोरीमार्गे वणी. डाव्या हाताला रामशेज दिसेल. औरंगजेबाच्या फौजांना वर्षानुवर्षं दाद न देणारा तो किल्ला. पुढे उत्तरेला सातमाळा रांग उभी राहते. तिसऱ्या दिवशी वणीहून नांदुरी आणि तिथून गडाचा सुमारे 10 किलोमीटरचा घाट. गड हे देवीचं ठाणं आहे, तेव्हा त्या दिवशी वाईनचा विचारही नको.

चढाबद्दल माझं सांगणं एवढंच, की चढ सुरू होण्याआधी गिअर हलका कर. जोर लागायला लागल्यावर गिअर बदलायला गेलास तर चेन अडखळते आणि पाय थांबतात. पॅडल जलद फिरू दे, गुडघ्यावर भार नको. बोलता येईल इतकाच वेग ठेव. दम लागून बोलणं तुटलं, की वेग कमी करायची वेळ आली असं समज. उतरणं हे त्याहून मोठं काम. ब्रेक सतत दाबून धरू नकोस. वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात ब्रेक सोड. निघण्यापूर्वी ब्रेक पॅड तपास. दोन जास्तीच्या ट्यूब, पंक्चर किट आणि पंप हवाच, कारण गावरस्त्यांवर बाभळीचे काटे असतात. पहाटे हात आखडतील अशी थंडी आणि दुपारी घाम, म्हणून अंगावर एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ घाल. त्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्याही रस्त्यावर असतात, त्यांतल्या बऱ्याच मागच्या दिव्याविना. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, हा नियम मोडू नकोस.

आणि वाईन. सायकल त्या दिवसापुरती उभी केल्याशिवाय एक घोटही नको. चाखायला देतात ते थोडंच, असं वाटतं खरं. पण पाच-सहा प्रकार चाखले की सगळं मिळून पेला-दोन पेले होतात आणि वाईनमध्ये साधारण 12-13 टक्के अल्कोहोल असतं. उन्हात घाम गाळलेल्या अंगातलं पाणी ती आणखी कमी करते. उतारावर ब्रेकवर बोट जायला लागलेला क्षणभराचा उशीरही तिथे महागात पडतो. दुपारी वायनरी पाहायची असेल तर पाहा, टाक्या आणि लाकडी पिंपं बघ, प्रश्न विचार. चाखायचंच झालं तर तोंडात फिरवून थुंकण्यासाठी ठेवलेल्या भांड्यात टाक. जाणकारही तसंच करतात, त्यात अपमान कोणाचाच नाही. मुक्काम वायनरीपासून चालत जाण्याइतका जवळ घे, म्हणजे संध्याकाळी निवांत बसता येईल.

शेवटचं, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. बाग रस्त्याला लागून असली तरी ती कोणाच्या तरी घरची आहे. विचारल्याशिवाय आत शिरू नकोस, घडाला हात लावू नकोस. ब्लोअरने फवारणी चालू दिसली तर दूर थांब. फवारलेला मणी तोडून तोंडात टाकणं तुझ्यासाठीही धोक्याचं आहे. सकाळी पेठ-सुरगाण्याकडून मजूर भरलेल्या पिकअप तुझ्या शेजारून जातील. छाटणीपासून काढणीपर्यंत या मुलखाचं काम त्या माणसांच्या हातांवर चालतं. त्यांच्याशी बोल, त्यांना नाव विचार. परवानगीशिवाय त्यांचे फोटो काढू नकोस. रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडून द्राक्षं घेशील तर सांगेल तो भाव दे. घासाघीस करून वाचलेले दहा-वीस रुपये तुझ्या लक्षातही राहणार नाहीत, त्याच्या मात्र राहतील.

पाच वायनऱ्यांची यादी पूर्ण करून गेलास, तर पाच चवींची नावं घेऊन जाशील. दोन वायनऱ्या आणि एक बाग नीट पाहून गेलास, तर पुढे कधीही बाटली उघडताना ती कोणाच्या कष्टातून आली हे तुला ठाऊक असेल. मला तुझ्याकडून हे दुसरं हवं आहे. निघायचा दिवस पक्का झाला की कळव. दिंडोरीच्या एका बागाईतदारांना मी विचारून ठेवते, ते तुम्हाला बाग दाखवतील.

तुझी,
आत्या