सर्पगंधेची मुळी आणि रक्तदाब

रानात सावलीच्या ओलसर जागी एक झुडूप उगवते. उंची फार तर हात-दोन हात. पाने एका पेरावर तीन-तीन, चार-चार. फुले पांढरी, पण देठ लाल. फळ पिकले की जांभळे-काळे होते. हीच सर्पगंधा. कुणी हिला अडकई म्हणतात. मुळी चाखाल तर कडू जहर!

साप चावला की ही मुळी उगाळून द्यायची जुनी चाल. पण तिने सापाचे विष उतरत नाही. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यातच न्यावे लागते. मुळीचा खरा गुण दुसराच आहे. बिहारकडे तिला वेड्याचे औषध म्हणत. ती दिली की खवळलेला माणूस शांत होई.

1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या डॉक्टरांनी लिहिले, की हिने वाढलेला रक्तदाबही उतरतो. पुढे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रोग्यांना ही मुळी देऊन पाहिली. 1949 साली त्यांचा लेख विलायतेत छापला गेला, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. मुळी आपली, पण कौतुक तिकडून यावे लागले! 1952 साली स्वित्झर्लंडच्या रसायनतज्ज्ञांनी मुळीतले सत्त्व वेगळे काढले. त्याचे नाव रिसर्पिन.

हे सत्त्व करते तरी काय? आपल्या अंगातल्या मज्जातंतूंच्या टोकाशी एक रस साठलेला असतो. तो सुटला की रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्ताचा दाब वाढतो. रिसर्पिन हा साठा रिता करते. कणगीत दाणाच नाही तर काढणार काय? मग वाहिन्या सैल पडतात, नाडी मंद होते, दाब उतरतो. मात्र हे एका दिवसात होत नाही, आठवडे लागतात. औषध थांबवले तरी कणगी पुन्हा भरायला वेळ लागतो.

आता दुसरी बाजू. याने नाक चोंदते, पोटात आम्ल वाढते. काहींचे मन इतके उदास होते की जीव नकोसा वाटतो. म्हणून डॉक्टर आता हे औषध क्वचितच देतात. त्याहून बऱ्या गोळ्या निघाल्या आहेत.

कुणी म्हणेल, "मग मुळीच कुटून घेऊ, फुकटात काम होईल!" तसे करू नये. रिसर्पिनची दिवसाची मात्रा एका मिलिग्रॅमच्या पाव भागाएवढी, किंवा त्याहूनही कमी. हे चिमटीने कसे मोजणार? शिवाय एका मुळीत सत्त्व जास्त, दुसरीत कमी. आणि मुळी उपटली की झाड मेले. रानात ही झाडे आता विरळ झाली आहेत.

आपला दाब वाढला आहे हे पुष्कळांना कळतही नाही, कारण दुखत-खुपत काही नाही. दंडाला पट्टा बांधून मोजतात. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90, यांतला एक जरी पुन्हापुन्हा गाठला तरी दाब वाढलेला समजतात. गोळ्या सुरू झाल्यावर बरे वाटले म्हणून पुष्कळजण त्या आपल्या मनाने सोडतात. दाब मग पुन्हा चढतो, आणि एखाद्या दिवशी अर्धे अंग लुळे पडते.