हा कागद कोण मागणार?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि पुढे तळोज्यातल्या रासायनिक कारखान्यांत, देखभाल विभागात माझी सगळी नोकरी झाली. आयटीआयचा जोडारी म्हणून लागलो, खातेप्रमुख म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं मुलाखतींच्या टेबलामागे बसावं लागे. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची. ज्याच्या फायलीतून प्लास्टिकच्या कव्हरात जपलेली सात-आठ रंगीत प्रमाणपत्रं निघत, त्याच्याकडे आम्हाला हवा असलेला एक साधा कागद बहुधा नसे.

त्यातला एक मुलगा मनातून जात नाही. पनवेल तालुक्यातला, बारावी सायन्स झालेला, नवी मुंबई विमानतळात जमीन गेलेल्या घरातला. एका खासगी संस्थेतून त्याने ‘फायर ॲन्ड सेफ्टी’चा वर्षभराचा डिप्लोमा केला होता. अर्धी फी वडिलांनी रोख भरलेली, उरलेली संस्थेनेच गाठून दिलेल्या फायनान्स कंपनीच्या कर्जातून. आमची जाहिरात सेफ्टी ऑफिसरची होती. मुलगा चांगला तयार होता. कुठल्या आगीवर फोम मारायचा आणि कुठल्या आगीवर कोरडी पावडर, बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी प्राणवायू पहिला का मोजायचा, हॉट वर्क परमिटवर कोणाकोणाच्या सह्या लागतात, सगळं त्याने न अडखळता सांगितलं. तरीही त्या जागेवर त्याला घेणं शक्य नव्हतं, आणि त्यात आमच्या मर्जीचा प्रश्नच नव्हता.

मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती १९४८ च्या कारखाना कायद्यात १९७६ साली घातलेल्या कलम ४०-ब मुळे आली. तो कोण असू शकतो हे महाराष्ट्राने १९८२ च्या नियमांत लिहून ठेवलं. इंजिनिअरिंगची पदवी किंवा पदविका, नाहीतर शास्त्र शाखेची पदवी; कारखान्यात देखरेखीच्या कामाचा अनुभव; सरकारमान्य औद्योगिक सुरक्षेची पदविका; आणि कामगारांची भाषा येणं. (ही शेवटची अट मला फार आवडते. टाकीच्या तोंडाशी उभ्या कामगाराला इंग्रजीत सूचना देऊन काय उपयोग?) आता कारखाना कायद्याच्या जागी नवी संहिता आली आहे, पण पात्रता सरकारने ठरवायची हे तसंच आहे. आणि औद्योगिक सुरक्षेची पदविका म्हणजे शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटची, किंवा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची, जिला कारखान्यात सगळे ‘एडीआयएस’ म्हणतात. या अभ्यासक्रमांच्या दारातच आधीची पदवी किंवा पदविका मागतात. बारावीवर हा रस्ता सुरूच होत नाही. मुलाला हे वर्षभरात कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्याला काय मिळालं? शटडाउनच्या दिवसांत ठेकेदाराकडे ‘फायर वॉच’ची रोजंदारी. वेल्डिंग चालू असताना अग्निशामक हाताशी ठेवून उभं राहायचं, ठिणग्या कुठे पडतात ते बघायचं, काम संपल्यावरही थोडा वेळ जागा सोडायची नाही. जबाबदारीचं काम आहे, त्यावर माणसांचे जीव असतात. पण त्यासाठी आम्ही एरवी दहावी झालेल्या मुलांनाही अर्ध्या दिवसाचं शिक्षण देऊन उभं करत होतो. संस्था त्याच्याशी उघड खोटं बोलली होती असंही म्हणता येईना. माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘सेफ्टी क्षेत्रात उज्ज्वल संधी’. क्षेत्र होतं, संधीही होती. मधली पायरी तेवढी लिहिली नव्हती.

तेव्हापासून ओळखीपाळखीत कोणी ‘काका, पोराला कुठला कोर्स लावू?’ असं विचारत आलं, की मी कोर्सचं नाव न विचारता एवढंच विचारतो: शिकून झाल्यावर हा कागद मागणार कोण?

याचं उत्तर तीन तऱ्हांचं असतं. पहिल्या तऱ्हेत कागद कायदा मागतो. विजेचं काम स्वतःच्या जबाबदारीवर करायला शासनाच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्रीचा परवाना लागतो. नर्सला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, म्हणून ‘नर्सिंग असिस्टंट’ नावाच्या सहा महिन्यांच्या कोर्सवर कोणी परिचारिका होत नाही, बोर्डावर टोपी घातलेल्या मुलीचा फोटो असला तरी. विमानाला हात लावणाऱ्या मेंटेनन्स इंजिनिअरला डीजीसीएचा परवाना लागतो, आणि त्याचं शिक्षण सहसा डीजीसीएने सीएआर-१४७ खाली मान्य केलेल्या संस्थेत होतं. इथे दुसरा कागद कितीही सुंदर असला तरी चालत नाही.

दुसऱ्या तऱ्हेत कागद भरतीची जाहिरात मागते. महावितरणच्या विद्युत सहायकाच्या जाहिरातीत वीजतंत्री किंवा तारतंत्री या व्यवसायाचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मागतात. महापालिकांच्या अग्निशामक भरतीत सहसा मुंबईच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स मागतात. म्हणून कोर्स निवडण्याआधी हव्या त्या नोकरीच्या मागच्या दोन-तीन जाहिराती काढा आणि शैक्षणिक अर्हतेचा रकाना शब्द न गाळता वाचा. त्यात ‘समकक्ष’ हा शब्द आहे का, असला तर समकक्षता ठरवणार कोण, तेही बघा. सल्लागारापेक्षा हा रकाना जास्त प्रामाणिक असतो.

तिसरी तऱ्हा मला सगळ्यांत जवळची. तिथे कागद कोणी मागतच नाही, हात मागतात. पाइप वेल्डिंगचा माणूस आला की आम्ही त्याला टेस्ट-बेवर न्यायचो, तिरका अडकवलेला पाइप द्यायचो, ज्याला वेल्डर ‘सिक्स-जी’ म्हणतात, आणि जोड एक्स-रेला पाठवायचो. फिल्मवर छिद्रं दिसली की राष्ट्रीय प्रमाणपत्रवालाही परत जायचा, आणि नितळ आली की गावच्या ग्रिलच्या दुकानात शिकलेल्या पोरालाही घ्यायचो. अशा कामासाठी खासगी वर्ग लावला तर बिघडत नाही, काही वर्ग उत्तम असतात. पण तिथे प्रमाणपत्राची चौकशी करू नका. महिन्याला प्रत्येक मुलाला किती इलेक्ट्रोड जाळायला मिळतात ते विचारा. एका मशीनभोवती वीस मुलं उभी असतील तर उठून या. एसी दुरुस्तीचंही तेच. ऐरोली-महापे भागात डेटा सेंटरं झाली आहेत, तिथे चिलर, यूपीएस, जनरेटर सांभाळणारी माणसं चोवीस तास लागतात. पण वर्गात गॅस भरून पाहिलेला आणि फक्त फळ्यावर रेफ्रिजरेशनची सायकल काढून पाहिलेला यांच्यातला फरक पाच मिनिटांत कळतो.

आता बोर्डांविषयी. वाशीपासून पनवेलपर्यंत कुठल्याही स्टेशनबाहेर उभे राहिलात तर ‘शासनमान्य’, ‘भारत सरकार नोंदणीकृत’, ‘आयएसओ प्रमाणित’ अशी अक्षरं दिसतील. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, पिठाच्या गिरणीचीही होते. संस्था ट्रस्ट म्हणून किंवा कंपनी कायद्याखाली नोंदलेली असली तर ती अस्तित्वात आहे एवढंच त्यातून कळतं. आयएसओ ९००१ कार्यालयाच्या कारभाराच्या पद्धतीविषयी बोलतं, तुमच्या डिप्लोम्याविषयी नाही. आणि ‘नॅशनल’, ‘इंडियन’, ‘कौन्सिल’, ‘बोर्ड’ हे शब्द एकाच नावात आले की मी सावध होतो.

खरी मान्यता तपासणं पूर्वी अवघड होतं, आता नाही. आयटीआय असेल तर ती केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाशी संलग्न आहे का, आणि नुसती संस्था नव्हे तर तुम्हाला हवा तो व्यवसाय आणि ती तुकडी संलग्न आहे का, हे बघायचं. खासगी आयटीआयमध्ये चार व्यवसाय मान्य आणि पाचवा नुसता चालवलेला, असं असू शकतं. पॉलिटेक्निक असेल तर एआयसीटीईची मान्यता आणि तंत्रशिक्षण मंडळाची संलग्नता, दोन्ही चालू वर्षाची. कमी मुदतीचे कौशल्य-अभ्यासक्रम असतील तर २०१८ साली स्थापन झालेल्या एनसीव्हीईटी या केंद्रीय परिषदेची नोंदवही ऑनलाइन आहे. तिथे पात्रतेचं नाव, तिचा स्तर आणि ती देणारी संस्था दिसते. संस्थेने दाखवलेली झेरॉक्स बघून समाधान मानू नका. घरी येऊन स्वतः शोधा.

विमानतळाचं तर विचारूच नका. उद्घाटनाच्या कितीतरी आधीपासून ‘एअरपोर्ट ग्राउंड स्टाफ’चे वर्ग आमच्याकडे गल्लोगल्ली निघाले. चेक-इन काउंटरवर किंवा सामानाच्या पट्ट्यावर काम करायला अशा वर्गाचं प्रमाणपत्र लागतं असा कायदा नाही. नेमणूक करणारी कंपनी स्वतःचं प्रशिक्षण देते, आणि आत जायचा पास पोलीस पडताळणीनंतरच मिळतो. इंग्रजी-हिंदी बोलायची भीड मोडणं, नीट उभं राहणं, संगणकावर हात बसणं यासाठी वर्ग लावायचा तर जरूर लावा, पण त्याची फी तेवढ्याच मोलाची असू द्या. कर्ज काढून नको. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याच कार्यक्रमात राज्यातल्या ४०० सरकारी आयटीआय आणि १५० शासकीय तांत्रिक विद्यालयांत कमी मुदतीचे अभ्यासक्रम चालवण्याची योजनाही सुरू झाली. त्यात सौर ऊर्जा, विजेवरची वाहनं असे विषय आहेत. खासगी वर्गाची मोठी फी भरण्याआधी जवळच्या सरकारी आयटीआयच्या सूचनाफलकापर्यंत एक फेरी मारायला काय जातं?

आयटीआयविषयी आमच्या मध्यमवर्गीय घरांत अजून नाक मुरडलं जातं. मी तिथूनच आलो म्हणून तिची बाजू घेतोय असं म्हणा हवं तर. पण दहावीनंतर दोन वर्षांचा वीजतंत्री किंवा जोडारी केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षालाही. वाट लांब आहे, बंद नाही. शिवाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यामुळे तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. विद्यावेतन फार नसतं. पण मी मुलाखतीत आयटीआयच्या गुणांपेक्षा शिकाऊ उमेदवारी कुठे केली ते आधी बघायचो. चालत्या कारखान्यात रात्रपाळीला पंपाची सील बदललेला मुलगा पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. तर घरापासून लांब, तळोज्याच्या किंवा रसायनीच्या कंपनीत शिकाऊ जागा मिळत असेल, आणि जवळच्या मॉलमध्ये तेवढ्याच पैशांची नोकरी, तर वर्षभर लांब जावं.

पैशांबाबत थोडं. पूर्ण फी पहिल्या दिवशी भरू नका. पावती संस्थेच्या नावाची घ्या, क्यूआर कोडवर कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यात पैसे जाऊ देऊ नका. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं आणि शाळा सोडल्याचा दाखला ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतात, ते देऊ नका. मूळ दाखवायचं आणि झेरॉक्स द्यायची. कर्ज फायनान्स कंपनीचं असेल तर कोर्स सोडला तरी हप्ता चालू राहतो, कारण करार तुमचा आणि तिचा असतो, संस्था त्यात नसते. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणाले तर गेल्या वर्षीच्या पाच मुलांना भेटवा म्हणावं. मुलं आज कुठे काम करतात ते त्यांच्याच तोंडून ऐकावं, भिंतीवरच्या फोटोंवरून नाही.

आणि आधीच अडकलेल्यांसाठी. वर्षं गेली म्हणून तोच रस्ता पुढे रेटू नये. एकाच संस्थेने पहिला डिप्लोमा चालला नाही म्हणून दुसरा ‘ॲडव्हान्स्ड’ विकल्याचं मी पाहिलं आहे. त्यापेक्षा हातात खरं काय आहे ते मोजायचं. पनवेलच्या त्या मुलाच्या हातात बारावी सायन्स होती, आणि तिच्यावरही पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. त्याने तो केला. वडील नाराज होते, पुन्हा फी, पुन्हा वर्षं. मेकॅनिकलची पदविका झाली की तो एडीआयएसकडे जाईल, पण त्याआधी देखरेखीचा अनुभव दाखवावा लागणार आहे. म्हणून त्याला आत्ताच सांगून ठेवलंय: पहिल्या नोकरीचं नेमणूकपत्र घेताना पगाराच्या आकड्याआधी पदनाम वाच. ‘ट्रेनी’ किंवा ‘हेल्पर’ लिहिलं असेल आणि काम सुपरवायझरचं करवून घेणार असतील, तर पत्र बदलून माग. आणि दर वर्षी अनुभवाचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, कामाच्या वर्णनासह, सहीशिक्क्याने घेत जा, कारण ठेकेदार बदलला की जुना ठेकेदार फोन उचलत नाही.