घरच्या घरी रोल केज

गाडी उलटली की ड्रायव्हरचं डोकं आणि जमीन यांच्यात फक्त रोल केज असतो. भारतात २००७ पासून होणाऱ्या बाहा स्पर्धेसाठी आम्ही तो डोंबिवलीत घराच्या अंगणात जुळवला. पहिला पाइप पाण्याच्या लाइनचा, जीआय. वेल्डिंग सुरू करताच जस्ताचा पांढरा धूर! शिवाय त्यात कार्बन किती, कुणालाच माहीत नाही. नियमात तो किमान ०.१८ टक्के लागतो.

नियमातला मूळ पाइप १ इंच व्यासाचा, ३ मिमी जाड. आम्ही सव्वा इंच व्यासाचा, १.६ मिमी जाड घेतला. मोमेंट ऑफ इनर्शिया १३,४८० वरून १७,२७० मिमी⁴, वजन मात्र मीटरला १.६६ वरून १.१९ किलो. त्याच पोलादात ताकदही किंचित जास्त. क्रोमोलीने ताकद वाढते, ताठरपणा नाही. यंग्ज मोड्युलस जवळपास तोच. (व्हायव्हात हमखास विचारतात!) सहा मीटरचे पाइप ठाण्याहून टेम्पोनेच आणावे लागले, लोकलच्या लगेज डब्यात कोण घेणार?

खरी मेख सांध्यात आहे. एका पाइपचं तोंड दुसऱ्याच्या गोलाईवर माशाच्या तोंडासारखं घासून चपखल बसवायचं. आम्ही कंटाळलो, फटी वेल्डने भरल्या. दिसायला झकास! मग काटकोनी नमुना व्हाइसमध्ये धरून लांब पाइपने वाकवला. पाइप फाटायला हवा होता. वेल्डच उपटून आला. त्याच रात्री ग्राइंडरने सगळे सांधे कापले. पुढच्या वेळी आधी सगळीकडे टॅक, मग कर्ण मोजणं, मग आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी पूर्ण वेल्ड.