पाया खणण्यापूर्वी

अभ्यासपाठ. वाचन: नहेम्या, अध्याय २, एज्रा, अध्याय ५ व ६.



सुगी आटोपून हाती चार पैसे आले म्हणजे आपल्या गावोगावी घरांची कामे निघतात. कोणी कुडाची भिंत पाडून विटांची उभारतो, कोणी मुलाच्या लग्नापूर्वी एक खोली वाढवितो. ह्या कामी बहुतेक लोक गवंड्याचा व मुहूर्ताचा विचार करितात, परंतु ग्रामपंचायतीच्या परवानगीचा विचार पाया भरल्यावर करितात. ह्यामुळे किती हानी होते, हे आम्ही जवळून पाहिले आहे, म्हणून हा पाठ आज लिहीत आहो.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. मुलगा शहरात मजुरी करून पैसे पाठवीत असे. वडिलांनी जुने घर उतरवून नवा चौथरा बांधला. सरपंचांनी रस्त्यात भेटले असता तोंडी होकार दिला होता, व घरपट्टीच्या पावत्या तर तीस वर्षांच्या होत्या. चौथरा पुरा झाल्यावर शेजाऱ्याने तक्रार केली. मोजणी झाली, तेव्हा चौथऱ्याची एक बाजू तीन फूट रस्त्यात आलेली निघाली. सरपंच तोपर्यंत बदलले होते. काम थांबविण्याची नोटीस आली, पावसाळा लागला, आणि ते कुटुंब चार महिने ताडपत्रीखाली राहिले. त्या मनुष्याने लबाडी केली नव्हती. त्याने एवढेच केले की, जे आधी विचारावयाचे ते विचारले नाही, आणि जे लिहून घ्यावयाचे ते ऐकून घेतले.

आता नहेम्याकडे पाहा. यरुशलेमेचे कोट पडल्याचे वर्तमान त्यास शूशन राजवाड्यात कळले. त्याचे मन तळमळले, तरी तो तसाच धावत गेला नाही. काही महिने त्याने प्रार्थनेत व विचारात घालविले. मग अर्तहशश्त राजाने विचारले तेव्हा त्याने आपणास किती काळ लागेल हे सांगितले, नदीपलीकडल्या अधिकाऱ्यांस पत्रे मागितली, आणि राजाच्या वनाचा रक्षक आसाफ ह्याच्या नावे लाकडांसाठी निराळे पत्र मागितले. त्या लाकडांत कोटाबरोबर त्याच्या स्वतःच्या घराचाही उल्लेख होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ही गोष्ट ख्रिस्तपूर्व ४४५ च्या सुमाराची आहे. यरुशलेमेस पोहोचल्यावर त्याने प्रथम रात्री फिरून पडलेला कोट पाहिला, आणि मगच लोकांस कामास बोलाविले. म्हणजे परवानगी आधी, पाहणी नंतर, व बांधकाम शेवटी, असा त्याचा क्रम होता.

एज्राच्या पुस्तकात दुसरा धडा आहे. मंदिराचे काम चालले असता तत्तनई नावाच्या अधिकाऱ्याने येऊन, तुम्हांस परवानगी कोणी दिली, असे विचारले. वडील जन रागावले नाहीत. कोरेश राजाने आज्ञा दिली आहे, असे त्यांनी उत्तर दिले. कोरेश तर केव्हाच मरण पावला होता, व आज्ञेस सुमारे अठरा वर्षे झाली होती. तथापि अखमथा येथील दप्तरात तो लेख सापडला, आणि त्यात इमारतीची उंची व रुंदीदेखील लिहिलेली होती. तो लेख नसता तर काम तेथेच थांबले असते. तोंडचा शब्द माणसाबरोबर जातो, लिहिलेला मागे राहतो. आमच्या ओळखीच्या त्या वडिलांजवळ सरपंचांचा शब्द होता, लेख नव्हता.

आता आपल्या राज्यातील रीत पाहू. महाराष्ट्रात ह्या गोष्टीचा आधार सन १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम हा आहे. त्याच्या कलम ५२ प्रमाणे गावाच्या हद्दीत नवी इमारत बांधण्यास किंवा जुनी पुन्हा उभारण्यास ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी लागते. परवानगी नाकारल्यास कारण कळविले पाहिजे, आणि त्या नकारावर पंचायत समितीकडे अपील करता येते. सार्वजनिक रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेवर अतिक्रमण झाल्यास ते काढण्याचा अधिकार कलम ५३ ने ग्रामपंचायतीस दिला आहे.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, आणि २०२१ साली लहान घरांची रीत सोपी केल्याचे ग्रामविकास खात्याने जाहीर केले. तेव्हापासून "आता परवानगी लागतच नाही" असे बोल गावात ऐकू येतात. हे बोल अर्धे खरे आहेत. सुमारे १५० चौरस मीटर, म्हणजे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर लांबलचक छाननी नको, एवढाच त्याचा अर्थ आहे. मालकीचे कागद, घराचा आराखडा, तो नियमास धरून असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला, व ठरलेले शुल्क ही ग्रामपंचायतीत दिलीच पाहिजेत. दाराची वाट रुंद केली म्हणून दार काढून टाकले असे होत नाही.

अर्ज करण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने कराव्या.

पहिली, जागा कोणाची हे पाहावे. घरपट्टीची पावती किंवा नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातील जागेस मालमत्ता पत्रक अथवा सनद असावी. पुष्कळ गावांत पूर्वी हे पत्रकच नसे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून ते देण्याचे काम हाती घेतले गेले. आपल्या गावाचे झाले आहे काय, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारावे. जागा शेतजमिनीत असेल तर सातबारा पाहावा, व ती घरासाठी वापरता येईल काय हे तहसील कार्यालयात आधी विचारून घ्यावे. गायरानावर तर पायाच घालू नये. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याविषयी सर्व राज्यांस निर्देश दिले आहेत.

दुसरी, शंका असेल तेथे मोजणी करून घ्यावी. शेजाऱ्यास त्या दिवशी बोलवावे. खुणा त्याच्या डोळ्यांदेखत रोविल्या म्हणजे पुढील तंटा बहुधा टळतो.

तिसरी, जागा भावांच्या सामाईक नावावर असेल तर सर्वांची लेखी संमती घ्यावी. परगावी असलेल्या बहिणीचे नाव विसरू नये, कारण तिचाही हक्क असू शकतो.

चौथी, अर्ज स्पष्ट लिहावा. आपले नाव, मिळकतीचा क्रमांक, चतुःसीमा, बांधकामाची लांबी, रुंदी व मजले, घराचा उपयोग, सांडपाणी व शौचालयाची सोय ही सर्व त्यात असावी. नकाशात रस्ता खरा तेवढाच दाखवावा. कागदावर रुंद दाखविलेला रस्ता भिंत उभी राहिल्यावर अरुंद होतो, आणि मग खोटेपणा साऱ्या गावास दिसतो.

पाचवी, अर्जाच्या दोन प्रती न्याव्या. एक कार्यालयात द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. हीच पोच होय. पैसे भरावे ते पावती घेऊनच. पावतीवाचून कोणी मागितले तर नम्रपणे, "पावती द्यावी, रक्कम लगेच भरतो," एवढेच म्हणावे. उत्तर लांबले तर लेखी स्मरणपत्र द्यावे. अर्जाचे काय झाले हे माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने विचारता येते, व त्यास सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे.

परवानगी मिळाल्यावर मंजूर नकाशाबाहेर एक हातही जाऊ नये. बदल करावयाचा झाल्यास पुन्हा विचारावे. आणखी हे जाणावे की, परवानगीने मालकी मिळत नाही. दुसऱ्याच्या जागेवर मिळविलेली परवानगी त्या जागेस आपली करीत नाही.

मंडळीच्या प्रार्थनामंदिराविषयी थोडे निराळे सांगणे आहे. २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, उद्याने व इतर सार्वजनिक जागांवर कोणत्याही धर्माचे नवे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश दिला. तो सर्व धर्मांस सारखाच लागू आहे. यास्तव जागा मंडळीच्या किंवा विश्वस्तांच्या नावे असल्याची खात्री करावी, आणि राहत्या घरासाठी मिळालेल्या परवानगीवर मंदिराचे काम सुरू करू नये. जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारावे. उपासनेची भिंत पाडली गेली तर दुःख मोठे होते. परंतु ती आपल्याच उतावळेपणाने पाडली गेली, तर ते दुःख सांगावयासही तोंड राहत नाही.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. त्यांनी ती बाजू स्वतः फोडून मागे घेतली, मोजणीचा नकाशा जोडून अर्ज केला, आणि परवानगी मिळाल्यावर घर पुरे केले. खोली तीन फूट लहान झाली. तक्रार करणारा शेजारी वास्तूच्या दिवशी जेवावयास आला होता. त्या वडिलांनी परवानगीचा कागद पत्र्याच्या पेटीत, घराच्या किल्लीबरोबर ठेविला आहे.

उपदेशकांनी वर्गात विचारावयाचे प्रश्न:

१. नहेम्याने राजाजवळ कोणकोणती पत्रे मागितली, व का?
२. कोरेश मरण पावल्यावरही त्याची आज्ञा कशी उपयोगी पडली?
३. घरपट्टीची पावती व मालमत्ता पत्रक ह्यांत भेद काय?
४. आपल्या घराचे कोणते कागद आपणाजवळ आहेत? पुढील सभेस येताना पाहून यावे.