तहानेचा हुकूम

मार्गशीर्ष सरून पौष लागला आणि मुंबईच्या हवेत शालीची नुसती आठवण व्हावी एवढा गारवा आला, की माझ्या दवाखान्यात एरवी न दिसणारी धडधाकट मंडळी दिसू लागतात. कसल्या दुखण्याची कैफियत घेऊन ती आलेली नसतात; जानेवारीतल्या मॅरेथॉनमध्ये, बहुधा तिच्या एकवीस किलोमीटरच्या अर्ध्या शर्यतीत, नाव नोंदवून झालेले असते, आणि "डॉक्टर, एकदा छाती तपासा आणि धावू द्या" एवढीच त्यांची दरखास्त असते. मी छाती तपासतो, रक्तदाब घेतो, पन्नाशी उलटलेल्यांचा आणि मधुमेहींचा हृदयालेख काढवतो, आणि बहुतेकांना आनंदाने परवानगी देतो. मग ती उठता उठता "पाण्याचे काय ठरवले आहे?" असे विचारले, की पाठ केलेल्या पाढ्यासारखे एकच उत्तर येते: "तहान लागली म्हणजे उशीर झाला, म्हणून दर पंधरा मिनिटांनी ग्लासभर."

हे वचन मोबाइलवरून फिरते, व्यायामशाळेतले स्वयंघोषित आहारतज्ज्ञ ते फर्मानासारखे सुनावतात, आणि क्षारांच्या रंगीत पुड्या विकणाऱ्यांचा तर त्यावर संसारच चालतो. वास्तविक रक्त एक-दोन टक्क्यांनी दाट होताच मेंदू तहानेची वर्दी देतो, आणि ती वर्दी निरोगी माणसाला पुरेशी असते. उलट, धावण्याच्या श्रमात मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी लघवी रोखणारा स्राव सोडू लागते, मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकायला नाखूश होतात, आणि अशा वेळी घशाखाली लोटलेले प्रत्येक भांडे रक्तातच साचून राहते. 135 ते 145 च्या दरम्यान असावयाचे सोडियम विरळ होते आणि कवटीच्या बंदिस्त पेटीत मेंदू सुजू लागतो. 2002 सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त शर्यतीअखेर तपासले गेले, तेव्हा 13 टक्के जणांचे सोडियम 135 वा त्याहून खाली आढळले; आणि हे विशेषेकरून त्यांच्यात, ज्यांचे वजन धावून घटण्याऐवजी वाढले होते आणि ज्यांना चार तासांहून अधिक वेळ लागला होता. म्हणजे धोका वाऱ्यासारख्या पळणाऱ्याला थोडा आणि निवांतपणे, प्रत्येक टेबलापाशी थांबत जाणाऱ्या तुम्हाआम्हाला अधिक.

काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एक मुख्याध्यापिकाबाई, वय चौपन्न, अर्धी शर्यत सव्वातीन तासांत पुरी करून आल्या. शिस्तीच्या बाई, पाणीवाटपाचे एकही टेबल त्यांनी चुकवले नव्हते, शिवाय कमरेच्या पट्ट्यातल्या दोन बाटल्या रित्या केल्या होत्या, आणि गुडघा दुखू नये म्हणून पहाटे कोणालाही न विचारता वेदनाशामक गोळी घेतली होती. घरी येताच डोके ठणकू लागले, दोनदा ओकारी झाली. धाकटे दीर हातात ग्लुकोजचे भांडे घेऊन "वहिनी, अजून प्या, अंगातलं पाणी गेलंय" म्हणून तगादा लावून बसले होते. मला त्या ओकारीपेक्षा बोटातली अंगठी खटकली: सकाळी सैल फिरणारी अंगठी मांसात रुतली होती, आणि बाई मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारीत होत्या. रुग्णालयात सोडियम भरले 122.

तिथेही आप्तांचा एकच घोष, "आधी सलाईन लावा." सलाईन म्हणजे सर्व व्याधींवरचा जामीन, ही आपली जुनी समजूत आहे, परंतु अशा रुग्णाला सोडियम मोजण्याआधी साधे सलाईन चढवणे म्हणजे पूर आलेल्या घरात नळ सोडणे होय. त्यांना तीन टक्क्यांचे तीव्र क्षारद्रावण अगदी थोड्या प्रमाणात, 100 मिलिलिटर, दिले गेले, आणि सायंकाळपर्यंत बाई मला माझ्याच नावाने ओळखू लागल्या.

म्हणून सांगतो: शर्यतीनंतर डोके वाढत्या प्रमाणात दुखू लागले, पोट तुंबल्यासारखे होऊन ओकाऱ्या झाल्या, बोटे फुगली, बोलण्यात असंबद्धता आली वा झटका आला, तर पाणी पाजू नका, थेट रुग्णालय गाठा आणि किती प्यायले ते तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. छातीत, जबड्यात वा डाव्या हातात दाटल्यासारखे झाले, किंवा पळता पळता भोवळ आली, तर पदकाचा मोह सोडून तिथल्या तिथे थांबा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या शर्यतीच्या दिवशी घरातच राहू द्या. आणि पुड्यांच्या भरवशावर राहू नका: रक्तात सोडियम 140 च्या घरात, तर बाजारातल्या बहुतेक क्रीडापेयांत जेमतेम 20, नारळपाणी मधुर खरे, पण त्यात मुख्यतः पोटॅशियम. रोगाचे कारण पाणी, आणि ही पेये म्हणजे बहुतांशी पाणीच.

याचा अर्थ कोरडे पळा असा कोणी घेऊ नये, कारण अशीही एक शहाणी जमात आहे जी "थंडीत घाम कुठे येतो?" म्हणून घोटभरही पाणी घेत नाही आणि सूर्य वर आल्यावर रस्त्याकडेला बसकण मारते. तहान लागेल तेव्हा, तहान भागेल तेवढे, इतकाच हिशेब. सरावाच्या दिवशी धावण्याआधी आणि नंतर काट्यावर उभे राहून पाहा: वजन किंचित घटले तर उत्तम, वाढले तर तुम्ही जास्त प्यालात. शेजारच्याशी पुरे वाक्य बोलता येईल एवढ्याच गतीने धावा. आणि घड्याळाकडून मान वर करून पाहा, कारण पहाटेच्या अंधारात सागरी सेतूवरून पायी जाण्याची मुभा वर्षातून त्या एका दिवशीच मिळते, आणि पेडर रोडच्या चढावर, ज्याच्या दप्तरी नावात डॉ. गोपाळराव देशमुख हे आमचेच एक शल्यविशारद आहेत, आसपासच्या इमारतींतली माणसे उतरून परक्यांना नातलगासारखा धीर देत असतात.

मुख्याध्यापिकाबाई पुढच्या जानेवारीत पुन्हा धावल्या; दिरांनी घातलेला मोडता मीच काढला. दोन दिवसांनी पदक दाखवायला आल्या, बोटातली अंगठी सैल होती. चढ चक्क चालत चढल्या होत्या, आणि कोणा अनोळखी आजींनी हातावर ठेवलेली संत्र्याची फोड अजून जिभेवर असल्यासारख्या त्याबद्दलच बोलत राहिल्या. "आणि पाणी किती घेतलेत?" मी विचारले.

"मोजलं नाही, डॉक्टर."