खडीतलं रान

दिवाळीनंतर तुझ्याकडे भऱ्याला आलो तेव्हा फाटकापासून पोर्चपर्यंत चालेस्तोवर पायजम्याला कुसळं चिकटली. पायरीवर बसून ती वेचत होतो, तर तू म्हणालास, "मामा, दोन वर्षांपूर्वीच दीड ब्रास खडी टाकली, खाली प्लास्टिकही अंथरलं, तरी ही अवस्था." पाहुणे होते म्हणून गप्प बसलो. रस्त्याच्या कामांवर मुकादमी करण्यात माझी तीस वर्षं गेली. तुझी मामी मावळातली, लहानपणापासून भाताची बेणणी करत आलेली. आम्हा दोघांचं मिळून जे काही ज्ञान आहे ते आता ऐक.

खडीचा हिशेब तुझा बरोबर आहे. साठ फूट लांब, दहा फूट रुंद, तीन इंच थर म्हणजे दीडशे घनफूट, म्हणजेच दीड ब्रास. चुकलंय ते खाली. काळं प्लास्टिक पाणी मुरू देत नाही. मुळशीचा पाऊस चार महिने बसून राहतो आणि तुझ्या खडीखाली तळं साचतं. त्यात भर म्हणजे गाडीच्या चाकाखाली ते प्लास्टिक फाटलंय, म्हणजे तण अडवायलाही ते उपयोगी नाही. उन्हाळ्यात ते काढून टाक. खडी बाजूला ओढायची, वरची सहा-आठ इंच काळी माती उचलायची, डबराचं सोलिंग करून त्यावर मुरूम आणि कच टाकून, पाणी मारून रोलर फिरवायचा. मग जिओ फॅब्रिक, तेही जाडसर, पाणी पाझरू देणारं. दोन पट्टे जोडताना एकावर एक फूटभर चढव. सगळ्यात वर धुतलेली खडी. वरच्या थरात कच मिसळू नकोस. बीला रुजायला भुकटी हवी असते, नुसत्या दगडावर ते वाळून जातं. रस्त्याला मधे थोडा उंचवटा दे, दोन्हीकडून पाणी चरीत गेलं पाहिजे.

एवढं केल्यावर तण येणारच नाही असं तुला कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. बहुतेक बी वरून पडतं. वारा आणतो, पाखरं आणतात, टायरला चिकटून येतं. आणि खडीत धूळ, पाचोळा, जांभळाची कुजकी पानं साठून दोन-तीन वर्षांत दगडांच्या फटीत मातीच तयार होते. तुझ्या खडीत रान माजलंय ते त्या मातीत. म्हणून पावसाळा सरल्यावर पाचोळा खराट्याने काढायचा, तो रस्त्यावरच जाळायचा नाही. तीन-चार वर्षांनी वरची खडी उचलून वाळूच्या चाळणीतून चाळायची आणि परत पसरायची. खाली पडलेला गाळ गुलाबाच्या कुंड्यांत टाकशील तर तण कुंडीत उगवेल. तो खड्ड्यात पूर. कंटाळवाणं काम आहे, पण दोन मजुरांचं एका दिवसाचं आहे.

आता वेळ. सगळी लढाई मेअखेर ते आषाढ एवढ्यातच जिंकायची असते. वळवाच्या पहिल्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत खडीवर हिरवी लव उगवते. तेव्हा ऊन असलेल्या सकाळी दंताळं उलटसुलट ओढलंस की दोन पानांची रोपं उपटून दुपारपर्यंत वाळतात. वीस मिनिटांचं काम. तीच रोपं श्रावणात काढायला गेलास तर दोन दिवस आणि कंबर दोन्ही जातील. मृगानंतर मात्र वाफसा बघायचा. पाऊस उघडून दोन दिवस झाले, माती ओलसर आहे पण हाताला चिकटत नाही, तेव्हा मूळ अख्खं सुटून येतं. चिखलात उपटलंस तर पायाखाली दुसरीकडचं बी तुडवून रोवतोस, आणि कोरड्यात शेंडा हातात येतो, मूळ आत राहतं.

उपटलेलं तण तिथंच टाकायचं नाही. घोळ तर उलटी टाकली तरी पुढच्या पावसात मूळ धरते. केन्याची प्रत्येक पेराची कांडी नवीन रोप होते, आणि त्याला जमिनीखालीही फुलं येतात, त्यांचं बी तिथल्या तिथे तयार होतं. घमेलं जवळच ठेव आणि त्यातच टाक.

लव्हाळा हा वेगळा प्रकार. तुकोबांनी त्याचा नम्रपणा वाखाणला, पण त्याच्या गाठींची माळ जमिनीत किती खोल जाते हे खुरपं घेऊन बसल्यावर कळतं. शेंडा ओढला की गाठ आतच राहते आणि झोपलेल्या शेजारच्या गाठी जाग्या होतात. ओल्या जमिनीत कुदळीने खणून गाठी वेचायच्या. एका खेपेत संपत नाही, दर तीन आठवड्यांनी परत जायचं. पानं वाढू दिली नाहीत की गाठीतला साठा हळूहळू संपतो. ज्या जागी लव्हाळा सतत येतो तिथं पाणी कुठून येतंय ते आधी बघ. तुझ्याकडे तो कोपरा पागोळ्यांखालचा आहे.

हरळी शेजारच्या बांधावरून सरपटत येते. तिला कडेलाच अडव. दगडी कड रोव आणि वर्षातून दोनदा फावड्याने सरळ रेषेत काप.

गाजरगवताबद्दल मी कडक आहे. या तणाची आपल्याकडची पहिली नोंद पुण्यातलीच, 1956 सालची. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात. एका रोपाला हजारो बिया येतात. फुलं यायच्या आधी, लांब बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालून उपट. माझ्या एका मुकादम मित्राने उघड्या हातांनी उपटून मनगटापर्यंत पुरळ आणून घेतलं होतं. पानांवर तपकिरी रेघांचे फिकट भुंगे दिसले तर मारू नकोस. 1984 मध्ये बंगळुरूला मेक्सिकोहून आणून सोडलेल्या भुंग्यांची ती पिलावळ, पावसाळ्यात ते हे गवत खातात. पण त्यांच्या भरवशावर बसूही नकोस.

औषधाचं तू विचारलंस. 2022 च्या ऑक्टोबरात केंद्राने ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फतच करायची असं ठरवलं. म्हणजे पंप पाठीला लावून तुझं तू फवारायचं नाही. मीठ टाका, असं बरेच जण सांगतात. उताराखाली भातखाचरं आणि विहीर असताना खडेमिठाचं पाणी कुठं जाईल? व्हिनेगरने कोवळी पानं भाजतात, मूळ नाही. त्यापेक्षा फटींतल्या बारीक तणावर बंबातलं उकळतं पाणी ओत. फुकट आहे, पण पायात चप्पल नको, बूट घाल. गॅसचा बर्नर ज्याच्याकडे आहे त्याने तो पावसाळ्यात वापरला तर ठीक. फेब्रुवारी-मार्चात नको, मुळशीच्या डोंगरांवर वणवे कसे लागतात ते तुला तुझ्या गच्चीवरून दिसतं.

वाढलेल्या तणात न बघता हात घालू नकोस. घोणस, फुरसं दोन्ही आपल्या भागात आहेत. आधी काठीने हलव, मग खुरपं.

चाकांच्या वाटेत तण येत नाही हे तू पाहिलंच असशील. दर आठवड्याला गाडी हातभर डावीकडे, हातभर उजवीकडे घेऊन जा. मधल्या पट्ट्याचं अर्धं काम टायर करतील.

मामीची मात्र एक अट आहे. फाटकाच्या उजव्या हाताला, आंब्याजवळ, चार फूट कड तशीच ठेवायची. पहिल्या पावसात टाकळ्याची कोवळी पानं खुडून भाजी करायची. मात्र शेंगा धरू द्यायच्या नाहीत, नाहीतर पुढच्या वर्षी सगळा रस्ता टाकळ्याचा. श्रावणात तिथला आघाडा मंगळागौरीच्या पत्रीला. आणि दूर्वा. जूनमध्ये ज्या हरळीला तू शिव्या देतोस, तिच्याच एकवीस दूर्वांची जुडी भाद्रपदात मंडईत दर विचारून घेतोस. गणपतीच्या आदल्या दिवशी मामी येईल खुडायला. पेस्ट कंट्रोलवाला आला तर त्याला ती कड दाखवून ठेव, तिथं एक थेंबही पडता कामा नये.