इन्व्हर्टरसाठीं घरांत निर्धोक जागा कशी निवडावी?

हल्लीं खेड्यापाड्यांतून इन्व्हर्टर ही नवलाईची वस्तु राहिलेली नाहीं. वीज गेली तरी मुलांचा अभ्यास चालावा, आजारी माणसास पंखा मिळावा, हा हेतु योग्यच आहे. परंतु यंत्र घेतांना आपण दहा दुकानें हिंडतों, आणि तें ठेवावें कोठें हा विचार मात्र यंत्र दारांत आल्यावर दोन मिनिटांत उरकतों. बहुधा जी जागा अडगळीची व कोणाच्या दृष्टीस न पडणारी, तीच त्याच्या वांट्यास येते. अशी जागा सर्वांत वाईट होय, हेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

आपल्याकडे पुष्कळ घरांत अजून शिसें व सौम्य गंधकाम्ल यांची, पाणी घालावी लागणारी बॅटरी असते. ती भरतांना तिच्यांतील कांहीं पाण्याचें पृथक्करण होऊन हायड्रोजन व प्राणवायु बाहेर पडतात. हायड्रोजनास रंग नाहीं, वास नाहीं. हवेच्या १०० भागांत तो ४ भाग झाला कीं एका ठिणगीनें पेट घेऊं शकतो. हवेहून फार हलका असल्यामुळें तो वर चढतो, आणि वाट न मिळाल्यास छताखालीं सांचतो.

मीं बरींच वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केली व जळिताचे पंचनामे पुष्कळ लिहिले. तरीहि स्वतःच्या घरीं मीं बॅटरी ठेवली ती जिन्याखालच्या बंद कोनाड्यांत, आणि दारापुढें धान्याचीं पोतीं रचलीं! आठ महिने तिकडे कोणी फिरकलें नाहीं. एका रात्रीं वीज गेली व इन्व्हर्टरहि चालेना. काय झालें तें पाहावें म्हणून आमचें कुटुंब पोतीं सारून तेलाचा दिवा हातीं घेऊन कोनाड्याकडे गेलें. दार किलकिलें होतांच सडक्या अंड्यासारखा उग्र वास आला, म्हणून तें तेथेंच थबकून मागें फिरलें. मीं दिवा दूर नेवविला, ओटीवरील मेन स्विच बंद केला, दारेंखिडक्या उघडल्या व उजाडेपर्यंत कशासहि हात लावूं दिला नाहीं. सकाळीं वायरमननें पाहिलें तों बॅटरींतील पाणी पत्र्यांच्या खालीं गेलेलें आणि पेटी फुगलेली! बिघडून तापलेल्या बॅटरींतून तसा वास येतो. तो आला म्हणून आम्ही वांचलों. नुसत्या हायड्रोजननें सूचना दिली नसती.

तेव्हां जागा निवडतांना पुढील पांच गोष्टी पाहाव्या.

पहिली, वारा. छताजवळ एक झरोका व खालीं एक, असे दोन्ही उघडे असावे. बंद कपाट, पेटी किंवा निजावयाची खोली वर्ज्य समजावी. यंत्राच्या जाळीपुढें वीतभर तरी मोकळी जागा ठेवावी.

दुसरी, थंडावा. २५ अंशांवर दर १० अंश उष्णता वाढली तर शिशाच्या बॅटरीचें आयुष्य सुमारें निम्में होतें. म्हणून पत्र्याखालची खोली किंवा पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळावी. लिथियमच्या बॅटरींतून नित्य वापरांत हायड्रोजन निघत नाहीं. पण उन्हाळा तिलाहि बाधतो.

तिसरी, कोरडेपणा. न्हाणीची भिंत, गळकें छप्पर व पावसाळ्यांत पाणी शिरणारी पडवी सोडून द्यावी. बॅटरी जमिनीपासून वीतभर उंच, भक्कम व सपाट बैठकीवर ठेवावी. तिचें वजन बहुधा ५० किलोंहून अधिक असतें.

चवथी, शेजार. चूल, देवघरांतील समई, गॅसची टांकी, डिझेलचा डबा, कडबा, कापूस व गंधकाची भुकटी यांजवळ ती नसावी. गोठ्यांतील अमोनियानें तांबें खराब होतें, आणि धान्याच्या खोलींत उंदीर तारा कुरतडतात.

पांचवी, पोंच. पाण्याची पातळी महिन्यांतून एकदां पाहून ऊर्ध्वपातित पाणी घालतां आलें पाहिजे. म्हणून बॅटरीच्या वर हातभर मोकळी जागा हवी. मोठ्या माणसास सहज पोंचतां यावें, पण लहान मुलांस नव्हे. जागा मेन बोर्डाजवळ असल्यास वायरमनला जोडणी व अर्थिंग नीट करतां येतें. बॅटरीची वीज उलट गांवच्या तारेंत जाऊं नये, अशीच ती जोडणी असली पाहिजे. नाहीं तर खांबावर काम करणाऱ्याचा जीव जाईल.

बॅटरीपासून यंत्रापर्यंतची तार आखूड व जाड असावी. ६०० वॉटच्या भारास २३० व्होल्टवर ३ अँपियरहि लागत नाहींत. पण १२ व्होल्टच्या बॅटरींतून त्याकरितां ५० अँपियरहून अधिक प्रवाह वाहतो. बारीक किंवा सांधलेली तार त्यानें तापते. यंत्र उघड्या बॅटरीच्या थेट डोक्यावर नसावें, बाजूस असावें. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्यानें बराच वेळ धुवावें, व डोळ्यांत गेल्यास धूत असतांनाच दवाखाना गांठावा.

वाचकांनीं हा अंक खालीं ठेवून आजच आपल्या घरची ती जागा पाहावी. मात्र पाहावयास जातांना हातीं विजेरी असावी. काडी अगर दिवा नसावा.